लहान कौटुंबिक मोटरबोट : चालकाची बैठक आणि रॉड ठेवण्याची सोय – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी भागातील ज्या कुटुंबांकडे १४ ते १८ फुटांची फायबरची, आउटबोर्ड इंजिनाची बोट आहे, त्यांच्याकडून सतत येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. काहींची बोट धरणाच्या फुगवट्यात फिरते, तर काही जण ती ट्रेलरवर घालून गोव्याच्या किंवा कारवारच्या खाडीत नेतात. फरक पडतो तेथे तो सांगितला आहे. बैठक आणि मासेमारीचे रॉड हे दोन वेगळे विषय वाटतात, पण लहान बोटीत दोन्हींचा झगडा एकाच दीड मीटर जागेसाठी असतो, म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

१. आम्ही दोन-तीन तासच बोट चालवतो. तेवढ्यासाठी सीटचा एवढा विचार कशाला?

कारण त्रास तासांनी नव्हे, धक्क्यांनी होतो. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की धरणाच्या मोकळ्या पाण्यावर बुटक्या, जवळजवळच्या लाटा उठतात आणि हलकी बोट त्यांवर आपटत जाते. चालक पाठीला आधार नसलेल्या, पाय अधांतरी ठेवणाऱ्या सीटवर असेल, तर प्रत्येक धक्का थेट कमरेच्या मणक्यांत जातो. अर्ध्या तासात तो स्टिअरिंग फिरवण्यासाठी नव्हे, तर स्वतःला सावरण्यासाठी धरू लागतो. अशा वेळी थ्रॉटलवरचा, म्हणजे वेग कमी-जास्त करण्याच्या दांड्यावरचा, हातही आपोआप पुढे-मागे होतो आणि बोट झटके घेते. मागे बसलेल्यांना वाटते की चालवणारा नवखा आहे. बहुतेक वेळा दोष सीटचा असतो.

२. सीट नेमकी किती उंच हवी?

सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाही, पण मोजण्याची पद्धत आहे. बोट ट्रेलरवर सपाट उभी करा आणि लाइफ जॅकेट घालून सीटवर बसा. जॅकेटशिवाय केलेले मोजमाप फसवे असते, कारण पाठीमागची जाडी आपल्याला ५-६ सेंटिमीटर पुढे ढकलते आणि हातांचे अंतर बदलते. तळपाय पूर्ण टेकलेले असावेत, मांड्या साधारण आडव्या असाव्यात आणि स्टिअरिंग धरल्यावर कोपरे किंचित वाकलेली, खांदे सैल असावेत. समोर काच असेल, तर तिची वरची चौकट डोळ्यांच्या रेषेत कधीही येऊ नये. नजर एकतर स्पष्टपणे चौकटीवरून जावी किंवा स्पष्टपणे काचेतून जावी.

यानंतरची गोष्ट ट्रेलरवर कळत नाही. वेग वाढवला की नाळ, म्हणजे पुढचा निमुळता भाग, उचलला जातो आणि समोरचे पाणी झाकले जाते. समजा, चालकाचे डोळे पाण्यापासून १.४ मीटर उंचीवर आहेत आणि नाळेचे टोक त्याच्यापासून ३ मीटर पुढे, ०.९ मीटर उंचीवर आहे. बोट सपाट असताना नाळेपलीकडे चालकापासून ८.४ मीटरपर्यंतचे पाणी त्याला दिसत नाही. नाळ केवळ ५ अंशांनी उचलली गेली, तर हेच अंतर १७.५ मीटर होते. त्याच स्थितीत सीट १० सेंटिमीटर उंच केली, तर ते १३ मीटरांच्या आसपास येते. ताशी २० किलोमीटर वेगाने १७ मीटर पाणी जेमतेम तीन सेकंदांत संपते, आणि आपल्याकडे या झाकलेल्या पट्ट्यात जाळ्यांना बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या असतात. उन्हाळ्यात हिडकल धरणाचे पाणी समुद्रसपाटीपासून २,१७५ फुटांच्या पूर्ण पातळीवरून पुष्कळ खाली जाते आणि हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते. त्या दिवसांत तर जुन्या भिंती, बांध आणि खुंट पाण्याखाली हातभर अंतरावर असतात. म्हणून सीटची उंची ठरवताना पाठीच्या सुखाआधी नजरेचा विचार करा. एकदा संपूर्ण कुटुंब बसवून, नेहमीच्या वेगाने जाऊन ती तपासा, कारण मागे चार माणसे बसली की नाळ आणखी वर जाते.

३. बसून चालवावं की उभं राहून?

दोन्ही करता आले पाहिजे. लाटांमध्ये उभे राहिल्यास गुडघे स्प्रिंगचे काम करतात आणि नजरही उंच होते. शांत पाण्यात बसणे बरे. ज्या सीटचा पुढचा अर्धा भाग वर उचलून कमरेला टेकू घेता येतो, ती लहान बोटीला सर्वांत सोयीची. मात्र उभे राहिल्यावरही इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी मनगटापासून किंवा जॅकेटपासून स्विचपर्यंत ताण न येता पोचते, हे पाहून घ्या. ती आखूड पडते म्हणून काढून ठेवणारे चालक मी पाहिले आहेत, आणि चालक पाण्यात पडल्यावर इंजिन थांबवणारी दुसरी कोणतीही गोष्ट त्या बोटीत नसते.

४. माझी उंची पावणेसहा फूट, पत्नीची पाच फूट. दोघंही चालवतो. सीट कोणाच्या मापाची घ्यायची?

नजरेसाठी बुटक्या व्यक्तीच्या मापाने उंची ठरवा आणि पायांची सोय पायपट्टीने करा. सीटखाली पुढे-मागे सरकणारी पट्टी आणि कन्सोलच्या, म्हणजे स्टिअरिंग बसवलेल्या खोक्याच्या, तळाशी १० ते १५ सेंटिमीटर उंचीवर, दुमडता येणारी पायपट्टी एवढ्यात बहुतेक जोडप्यांचे काम भागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये अशी पट्टी नमुना दाखवल्यावर करून मिळते; फक्त साहित्य कोणते ते स्पष्ट सांगा (प्रश्न १३ पाहा) आणि पट्टीवर खरबरीत रबर लावून घ्या, कारण ओल्या तळव्याला गुळगुळीत स्टील धरत नाही. पत्नीने सीटवर बसून, पाठ न उचलता, थ्रॉटल पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे नेऊन पाहावा. पुढे हात पोचतो, पण पूर्ण रिव्हर्सला कोपर सीटच्या हातावर आदळते, ही अगदी नेहमीची चूक आहे आणि ती नेमकी बोट जेटीला लावताना कळते.

५. स्टिअरिंग जड लागतं. सीट बदलून फरक पडेल का?

पडणार नाही. आधी इंजिनाजवळचा, केबलचा दांडा ज्या नळीतून सरकतो तो भाग साफ करून त्याला ग्रीस द्या. तरीही जड असेल, तर केबल आतून गंजली आहे असे समजून ती बदला. एकाच बाजूला ओढ असेल, तर ती पंख्याच्या फिरण्यामुळे असते, आणि इंजिनाखालचा छोटा पंखपत्रा थोडा वळवून ती कमी करता येते.

६. सीट आपल्याकडे शिवून घेता येते का?

अवश्य येते. चारचाकीच्या सीट शिवणाऱ्यांचे हात या कामात बोटीच्या दुकानांइतकेच तयार असतात. चूक होते ती साहित्यात. साधा फोम स्पंजासारखा पाणी पितो आणि वर्षभरात आतून कुजतो, म्हणून पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम मागा. कापड उन्हाला टिकणारे मरीन व्हिनाइल हवे आणि दोरा पॉलिएस्टरचा हवा, कारण सुती दोरा आधी सुटतो. खालच्या प्लायला पाणी निघण्यासाठी छिद्रे पाडा आणि कडा इपॉक्सीने बंद करा. रंग फिकट निवडा. काळे व्हिनाइल फोटोत सुंदर दिसते, पण एप्रिलच्या दुपारी त्यावर अर्धी चड्डी घातलेले मूल बसवून दाखवा.

७. रॉड ठेवायची सर्वांत चांगली जागा कोणती?

आधी स्वतःला विचारा की बोट चालू असतानाची जागा विचारता आहात की गळ टाकून बसल्यावरची. या दोन जागा वेगळ्या असतात, आणि एकाच जागेने दोन्ही कामे भागवण्याच्या हट्टातून बहुतेक अडचणी उभ्या राहतात. मासेमारीच्या वेळी रॉड हाताशी, बोटीच्या काठावरच्या होल्डरमध्ये उभे असावेत. प्रवासात ते आडवे, काठाच्या आतल्या बाजूला, टोके पुढे आणि रील, म्हणजे दोरा गुंडाळण्याचे चाक, मागे अशा रीतीने बांधलेले असावेत.

माझा नियम साधा आहे: बोट चालू असताना चालकाच्या हाताखाली, पायाखाली आणि नजरेसमोर एकही रॉड नसावा. तो मी अनुभवातून शिकलो. हिडकलच्या फुगवट्यातून परतताना पाच मिनिटांचे तर अंतर आहे म्हणून दोन रॉड तळावर, सीटच्या शेजारी तसेच ठेवले होते. एका तरंगत्या ओंडक्याला चुकवण्यासाठी मी वळण घेतले, रॉड घरंगळत सीटच्या खांबाला अडले, आणि लेकीला सावरायला उठलेल्या माझ्या बहिणीचा पाय त्यांवर पडला. कार्बनचा रॉड तुटतो तेव्हा वाळकी तुरकाठी मोडल्यासारखा कोरडा आवाज होतो. मी त्या आवाजाकडे वळून पाहिले आणि ते दोन सेकंद समोर कोणीच पाहत नव्हते. कोणाला इजा झाली नाही. त्या दिवसापासून रॉड बांधल्याशिवाय मी इंजिन सुरू करत नाही.

बहुतेक बोटींत चालक उजवीकडे बसतो. म्हणून प्रवासातले रॉड डाव्या काठाखाली ठेवा.

८. आमच्या बोटीत काठाखाली सहा फूट सलग जागाच नाही. मग?

तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे दोन तुकड्यांचे रॉड घेणे. धरणातील कटला, रोहू आणि मरळ यांच्यासाठी चांगला दोन तुकड्यांचा रॉड कुठेही कमी पडत नाही, आणि ७ फुटांचा रॉड निम्मा होऊन सीटखालीही मावतो. दुसरा मार्ग म्हणजे पुढच्या बंद कप्प्याच्या आडव्या फळीला छिद्र पाडून त्यात पाइप बसवणे, म्हणजे रॉडचे टोक कप्प्यात सुरक्षित राहते आणि फक्त मूठ व रील बाहेर राहतात. मला हा उपाय सर्वांत आवडतो, कारण मोडते ते नेहमी टोक, आणि येथे त्याला कोणाचा पाय लागूच शकत नाही. फक्त ती फळी बोटीला तरंगते ठेवणाऱ्या बंद हवेच्या कप्प्याची नाही ना, हे आधी पाहा. त्या कप्प्याला छिद्र पाडायचे नसते. तिसरा मार्ग छताचा आहे आणि त्याच्या अडचणी प्रश्न ११ मध्ये आहेत.

९. पीव्हीसी पाइपचे होल्डर घरी करता येतील का?

येतील, आणि मनापासून केले तर विकतच्या प्लास्टिक होल्डरपेक्षा अधिक टिकतील. दीड इंची जाड पाइप घ्या. त्याचा आतला व्यास ४० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि बहुतेक रॉडच्या मुठी त्यात सैल न होता बसतात. तुकडा २५ ते ३० सेंटिमीटरांचा कापा. वरच्या तोंडाला रीलचा पाय बसेल अशी ४-५ सेंटिमीटर खोल खाच करा, म्हणजे रॉड स्वतःभोवती फिरत नाही. यापुढचा टप्पा लोक सोडून देतात: कापलेली प्रत्येक कड कानशीने गोल करा आणि पॉलिश पेपरने घासा, कारण धारदार कड मुठीवरचा बुचाचा थर एका हंगामात कुरतडते. मुठीच्या बुडाला खाच असेल, तर पाइपच्या तळाशी आडवा बोल्ट घाला; पाणी साचू नये म्हणून तळ उघडाच ठेवा. शेवटी रंग द्या, नाहीतर दोन-तीन उन्हाळ्यांत पाइप ठिसूळ होतो. पाइपला आग दाखवून वाकवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण तापलेल्या पीव्हीसीचा धूर घशाला आणि छातीला वाईट असतो. गरम करायचेच असेल, तर उकळते पाणी वापरा.

१०. काठावर होल्डर बसवायला छिद्र पाडायचं आहे. काय सांभाळावं?

छिद्र पाडण्याआधी खालून हात घालून पाहा. स्टिअरिंगची केबल, इंधनाची नळी आणि विजेच्या तारा बहुधा उजव्या काठाखालूनच गेलेल्या असतात. रॉडला तिरकेपणा मिळावा म्हणून बाहेर झुकलेले, १५ किंवा ३० अंशांचे होल्डर मिळतात. लहान बोटीला, गळ टाकून बसण्यासाठी, ३० अंशांचे बरे. मोठा मासा लागला की सगळा ताण होल्डरच्या स्क्रूंवर येतो, म्हणून खालच्या बाजूने फायबरची जाड पट्टी लावून आरपार बोल्ट मारा. काठाच्या आत लाकडी गाभा असेल, तर छिद्राच्या कडा इपॉक्सीने बंद केल्याशिवाय होल्डर बसवू नका. तेथून शिरलेले पाणी दोन-तीन वर्षे दिसत नाही, आणि मग एक दिवस काठ बोटाने दाबला जातो.

११. बिमिनीच्या, म्हणजे कापडी छताच्या, नळीला रॉड उभे लावले तर जागाच जागा होईल ना?

बोटीत जागा होईल, पण वजन आणि वारा वर जाईल. अशा छताच्या नळ्या कापड पेलण्यासाठी केलेल्या असतात. त्यांना चार रॉड आणि चार रील लटकवले की लाटांमध्ये सांधे सैल होतात. झाडांच्या फांद्यांखालून आणि कमी उंचीच्या पुलांखालून जाताना टोके मोडतात, ते वेगळेच. मजबूत, तळाला बोल्ट केलेला सांगाडा असेल, तर दोन रॉड ठीक. तेही चालकाच्या डोक्यामागे ठेवा, समोर नकोत. विजेचा धोका प्रश्न १४ मध्ये वाचा, तो वाचल्याशिवाय हा पर्याय निवडू नका.

१२. मुलं बरोबर असतात. गळांचं काय करायचं?

रॉड होल्डरमध्ये आहे म्हणजे गळ सुरक्षित आहे, असे नाही; टोकापासून लोंबणारा गळ मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर झुलत असतो. प्रवासात गळ काढून डब्यात ठेवा, किंवा निदान रॉडवरच्या कडीत अडकवून तंगूस ताणून घ्या आणि गळावर टोपण बसवा. तीन टोकांच्या गळांना टोपण नसेल, तर रॉड मुलांच्या बाजूला ठेवूच नका. उघड्या पायांनी बोटीत फिरू देऊ नका.

काट्याचा गळ मांसात रुतलाच, तर तो मागे ओढू नका, तंगूस कापा आणि दवाखान्यात जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी तेथे आवर्जून विचारा. चेहरा किंवा डोळ्याजवळची जखम असेल, तर गळाला हातही लावू नये.

१३. आमची बोट कधी धरणात, कधी गोव्याच्या खाडीत असते. साहित्यात फरक करावा लागेल का?

खाऱ्या पाण्याच्या मापानेच साहित्य घ्या. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील गोड्या पाण्यात चांगले राहते, पण खाऱ्या पाण्यात त्यावर तपकिरी डाग आणि खड्डे पडतात. म्हणून सीटचा खांब, पायपट्टी, होल्डर आणि सगळे बोल्ट ३१६ प्रतीचे घ्यावेत. खाडीतून आल्यावर रील, होल्डरचे आतले भाग आणि सीटच्या सरकपट्टीवर गोडे पाणी सोडा, पण जोरदार फवारा रीलवर मारू नका, त्याने मीठ आतच ढकलले जाते.

जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरताना बोटीत एकही रॉड ठेवू नका. ते गाडीत, पाइपच्या नळकांड्यात घाला. घाटातील वळणांवर ट्रेलर जितका उडतो, तितकी बोट पाण्यातही क्वचितच उडते. सीटच्या सुट्या गाद्याही काढून घ्या, वाऱ्याने त्या मागच्या गाडीच्या काचेवर जातात.

१४. वळवाच्या पावसात आणि विजेच्या तारांखाली रॉडचा धोका खरंच असतो का?

खरेच असतो. कार्बन, म्हणजे ग्रॅफाइट, विजेचा वाहक आहे आणि आजचे बहुतेक रॉड त्याचेच असतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग काळवंडले, की मोकळ्या धरणावर आपली बोट आणि तिच्यातले उभे रॉड हीच सर्वांत उंच वस्तू असते. पहिला गडगडाट ऐकताच रॉड होल्डरमधून काढून आडवे ठेवा आणि किनारा गाठा; थेंब पडण्याची वाट पाहू नका.

तारांबद्दल एक गोष्ट धरणावरच्या माणसांनी विशेष लक्षात ठेवावी. मे महिन्यात ज्या तारेखालून आपण निर्धास्त गेलो, तीच तार धरण भरल्यावर पाण्याच्या कित्येक मीटर जवळ आलेली असते, कारण तार तेथेच राहते आणि पाणी वर येते. उभा रॉड तारेला टेकलाच पाहिजे असेही नाही, उच्च दाबाची वीज अंतर ओलांडून येऊ शकते. तारांखालून जाण्याआधी सगळे रॉड खाली घ्या.

१५. हे सगळं केलं. आता बोट राकसकोपला नेऊ का?

नेऊ नका. राकसकोपचे पाणी बेळगाव शहर पिते, आणि इंजिनाचे तेल त्यात जाता कामा नये. हिडकल आणि मलप्रभेचे नविलुतीर्थ धरण कर्नाटक नीरावरी निगमाच्या ताब्यात आहेत. तेथे उतरण्याआधी लेखी परवानगी घ्या. इंजिनाच्या बोटीची नोंदणीही लागते: १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू आहे. मासेमारीचा प्रश्न वेगळा आहे. जलाशयातील हक्क बहुधा ठेक्याने किंवा सहकारी संस्थांकडे दिलेले असतात, म्हणून मत्स्य खात्यात विचारूनच रॉड बाहेर काढा. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला, तर टेबलावरून टेबलावर तो लवकर सरकतो. कृष्णेच्या पात्रात, कुडची-अंकलीच्या बाजूला, मगरी आहेत. तेथे मुलांना बोटीच्या काठावरून पाय सोडून बसू देऊ नये.

१६. पावसाळ्यात चार महिने बोट बंद असते. सीट आणि रॉड कसे ठेवावेत?

खानापूर भागातील पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना बुरशीबद्दल सांगायला नको. सीटच्या गाद्या काढून घरात, हवेशीर जागी, एकमेकींना न चिकटता उभ्या ठेवा. बोटीवर ताडपत्री घालून आत गाद्या सोडल्या, तर गणपतीपर्यंत त्यांवर काळे ठिपके येतात आणि ते व्हिनाइलच्या आत मुरतात. सीटची सरकपट्टी आणि खांब यांना ग्रीस लावा. रॉड भिंतीला टेकवून तिरके ठेवू नका, त्यांना बाक येतो. आडवे, तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा किंवा सरळ टांगा. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटण्याचा ताण ठरवणारा ब्रेक, पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दाबल्या जाऊन चिकटतात. घरी केलेल्या पीव्हीसी होल्डरमध्ये कापडाचे बोळे कोंबा, कारण कुंभारमाशीला मातीचे घर बांधायला तोच व्यास फार आवडतो, आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्या फेरीला रॉड आत जाईनासा होतो.